डर्वेंटच्या खोऱ्यातून

इंग्लंड म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे लंडन शहर उभे राहते. टेम्स नदी, तिच्यावरचे पूल, राजवाडा आणि संसदभवनाचा घड्याळाचा मनोरा हेच त्या देशाचे रूप, असे आपण समजून चालतो. परंतु एखाद्या देशाचा खरा परिचय करून घ्यावयाचा असेल, तर राजधानी सोडून त्याच्या नदीकाठाने पायी चालावे. नदीच्या काठी माणूस आपल्यासाठी घर बांधतो, देवाच्या प्रार्थनेसाठी मंदिर बांधतो. आणि घरून मंदिराकडे, मंदिरातून शेताकडे, शेतातून बाजाराकडे जाता जाता त्याच्या पावलांनी वाट पडते. घर, प्रार्थनामंदिर आणि पाऊलवाट या तीन गोष्टी ज्याला वाचता आल्या, त्याला त्या प्रदेशाचा इतिहास वाचता आला.

चला तर, इंग्लंडच्या मध्यभागी असलेल्या डार्बीशायर परगण्यात जाऊ आणि डर्वेंट नदीच्या काठाने थोडे चालू. ही नदी ब्लीकलो नावाच्या उंच, ओसाड पठारावर उगम पावते आणि सुमारे १०६ किलोमीटर दक्षिणेकडे वाहत जाऊन डार्बी शहराच्या पलीकडे ट्रेंट नदीला मिळते. उगमाजवळ काळसर दलदलीची माळराने, त्यांवर हेदरची जांभळी फुले आणि थंडगार वारा. खाली उतरावे तसतशी हिरवी कुरणे आणि चुन्याशिवाय नुसते दगडांवर दगड रचून केलेले लांबच लांब गडगे. या गडग्यांना मधूनमधून दोन-तीन दगडी पायऱ्या बसविलेल्या दिसतात. कुरण एका शेतकऱ्याचे असते, गडगाही त्याचाच असतो. पण त्या पायऱ्यांवरून चढून पलीकडे उतरण्याचा हक्क मात्र सर्वांचा असतो. कारण तेथून सार्वजनिक पाऊलवाट जाते. वाटेची जमीन खाजगी असली, तरी मालकाला ती वाट अडविता येत नाही. हा हक्क इंग्लंडच्या लोकांना सहजासहजी मिळालेला नाही. ती कथा आपण शेवटी ऐकू. आधी नदीच्या वरच्या अंगाला जाऊ.

तेथे आज तीन मोठी धरणे आहेत. त्यांतील सर्वांत मोठे लेडीबॉवर. त्याच्या निळ्या पाण्याकडे पाहताना त्याच्या तळाशी दोन गावे निजलेली आहेत, हे सांगूनही खरे वाटत नाही. एकाचे नाव डर्वेंट आणि दुसऱ्याचे ॲशॉप्टन. शेफील्ड, डार्बी, नॉटिंगहॅम आणि लेस्टर ही शहरे वाढली, कारखाने वाढले, आणि त्या लाखो माणसांना पाणी हवे झाले. म्हणून १९३५ साली लेडीबॉवरचे काम सुरू झाले. डर्वेंट गावात १६७२ साली बांधलेली एक भव्य हवेली होती, शाळा होती, उंच सुळक्याचे चर्च होते. १९४३ च्या मार्च महिन्यात त्या चर्चमध्ये गावकऱ्यांनी शेवटची प्रार्थना केली. दफनभूमीतील मृतांचे अवशेष उकरून काढून जवळच्या बॅमफर्ड गावी पुन्हा पुरण्यात आले. गावकऱ्यांसाठी धरणाखाली नवी घरे बांधण्यात आली. मग हळूहळू पाणी चढू लागले.

चर्चचा मनोरा तेवढा आठवण म्हणून तसाच ठेवला होता. चहूकडे पाणी आणि मधोमध एकटा उभा असलेला तो सुळका, असे दृश्य काही वर्षे दिसत असे. परंतु लोक पोहत त्याच्याकडे जात, अपघाताचे भय वाटू लागले, म्हणून १९४७ च्या डिसेंबरमध्ये तो सुरुंग लावून पाडण्यात आला. त्याची घंटा डार्बीजवळच्या दुसऱ्या एका चर्चमध्ये नेऊन टांगली. एखाद्या वर्षी पाऊस दडी मारतो, तेव्हा धरणाचे पाणी फार खाली जाते आणि डर्वेंट गावाच्या भिंतींचे अवशेष चिखलातून वर डोकावतात. १९७६, १९९५, २०१८ आणि २०२२ साली असे घडले. त्या वेळी दूरदूरचे लोक ते पाहावयास आले. शहरात नळाची तोटी सोडणाऱ्या माणसाला जे कधी आठवत नाही, त्याची आठवण नदीच करून देते.

डर्वेंट गावातील एक वस्तू मात्र बुडाली नाही. तेथे ओझ्याच्या घोड्यांसाठी बांधलेला सतराव्या शतकातील एक अरुंद दगडी पूल होता. गाड्यांचे रस्ते होण्यापूर्वी मीठ, लोकर, कापड असा माल घोड्यांच्या पाठीवरून या डोंगरांतून जात असे. पाणी चढण्याआधी या पुलाचा एकेक दगड क्रमांक घालून सुटा केला गेला, जपून ठेवला गेला, आणि नदीच्या वरच्या अंगाला, धरणांच्याही पलीकडे, १९५९ साली तो पूल पुन्हा जसाच्या तसा उभा केला गेला. आता त्याच्यावरून घोडे जात नाहीत. पाठीवर पिशवी टाकून डोंगर चढणारी माणसे जातात.

लेडीबॉवरच्या खाली पश्चिमेकडून नोव नावाची लहान नदी डर्वेंटला येऊन मिळते. तिच्या उगमाशी ईडेल हे खेडे आहे. सतराव्या शतकात स्वतःचे प्रार्थनामंदिर होईपर्यंत ईडेलच्या लोकांना आपल्या मृतांचे दफन करण्यासाठी डोंगरापलीकडे कॅसल्टन गावी जावे लागे. पाऊस असो, हिम असो, खांद्यावर शवपेटी घेऊन माणसे खिंड चढत आणि पलीकडे उतरत. ती वाट आजही आहे. सुट्टीच्या दिवशी हसतखेळत मुले तिच्यावरून जातात. किती दुःखाच्या पावलांनी ती वाट घडली आहे, हे ठाऊक असलेला माणूस त्या खिंडीत क्षणभर थांबतो.

पुढे हॅदरसेज गाव लागते. येथील चर्चच्या आवारात एक लांबलचक थडगे आहे. ते रॉबिन हूडचा साथीदार लिटल जॉन याचे, असे लोक सांगतात. ती दंतकथा असेल. परंतु चर्चच्या आतील पितळी पत्र्यांवर कोरलेली आयर घराण्यातील माणसांची नावे दंतकथा नव्हेत. १८४५ साली शार्लट ब्राँटी ही तरुणी आपल्या मैत्रिणीबरोबर या गावी काही आठवडे राहिली होती. दोन वर्षांनी तिची ‘जेन आयर’ ही कादंबरी प्रसिद्ध झाली आणि आयर हे नाव जगभर पोहोचले.

डर्वेंटच्या पश्चिमेस, थोड्या उंचावर, एक खेडे आहे. त्याचे नाव ईम. या गावाची कथा ऐकल्यावर ते कोणीही विसरू शकत नाही.

१६६५ साली लंडनमध्ये प्लेगने हाहाकार माजविला होता. त्या वर्षी ईममधील एका शिंप्याकडे लंडनहून कापडाचा गठ्ठा आला. कापड दमट होते. ते वाळविण्यासाठी उलगडले गेले. त्यात रोगाने दूषित झालेल्या पिसवा होत्या, असे मानतात. थोड्याच दिवसांत, सप्टेंबर महिन्यात, ते उलगडणारा कारागीर मरण पावला. मग शेजारच्या घरात मृत्यू शिरला, मग त्याच्या पलीकडच्या. हिवाळ्यात साथ थोडी मंदावली. पण १६६६ चा उन्हाळा येताच ती पुन्हा भडकली. लोक गाव सोडून पळण्याच्या तयारीला लागले.

त्या वेळी विल्यम मॉम्पेसन हा तरुण गावचा धर्मोपदेशक होता. तो गावात नवा होता. लोकांचा त्याच्यावर अजून पुरता विश्वास बसला नव्हता. त्याच्याआधीचा धर्मोपदेशक टॉमस स्टॅन्ली गावातच राहत असे. धर्माच्या बाबतीत या दोघांची मते भिन्न होती. परंतु संकट पाहून दोघे एकत्र आले आणि त्यांनी गावकऱ्यांना समजाविले, “आपण पळालो, तर रोग आपल्याबरोबर गावोगाव जाईल. आपण येथेच राहिलो, तर निदान इतरांचे प्राण वाचतील.” गावकऱ्यांनी ते मानले. गावाभोवती हद्द ठरविण्यात आली आणि ती कोणी ओलांडावयाची नाही असा निश्चय झाला. चर्चचे दार बंद करण्यात आले. दाटीवाटीने बसू नये म्हणून प्रार्थना उघड्या घळीत होऊ लागली. ज्याचे माणूस जाईल, त्याने स्वतःच्या परसात किंवा शेतात त्याला पुरावे, असे ठरले.

पण हद्दीच्या आत कोंडलेल्या माणसांनी खावे काय? येथे पाऊलवाट उपयोगी पडली. ईमहून स्टोनी मिडल्टन या शेजारच्या गावाकडे जाणाऱ्या वाटेवर एक मोठा धोंडा आहे. त्याला लहान लहान खळगे पाडलेले आहेत. शेजारचे लोक धान्य, भाकरी आणून हद्दीवर ठेवीत आणि निघून जात. ईमचे लोक त्या खळग्यांत शिरका ओतून त्यात नाणी ठेवीत, म्हणजे नाण्यांबरोबर रोग बाहेर जाऊ नये. जवळच चॅट्सवर्थ येथे राहणाऱ्या डेव्हनशरच्या अर्लनेही अन्न पाठविले. कोणी कोणाला शिवत नव्हते, तरी एक गाव दुसऱ्या गावाला जगवीत होते.

त्या ऑगस्टमध्ये मॉम्पेसनची पत्नी कॅथरिन हिला मृत्यूने गाठले. गावाबाहेरच्या एका शेतघरात एलिझाबेथ हॅन्कॉक नावाच्या बाईने आठ दिवसांत आपला नवरा आणि सहा मुले गमावली. त्या सातही जणांना तिने आपल्या हातांनी पुरले. कुरणाच्या मधोमध, गोल दगडी कुंपणात, ती थडगी आजही आहेत. नोव्हेंबरमध्ये साथ थांबली, तेव्हा चौदा महिन्यांत गावातील सुमारे २६० माणसे गेली होती. परंतु हद्दीबाहेर रोग पसरला नाही. दरवर्षी ऑगस्टच्या शेवटच्या रविवारी ईमचे लोक त्याच घळीत जमतात आणि त्या माणसांचे स्मरण करतात. ते शेतकरी होते, खाणकामगार होते. आपल्या नावाने कोणी पुतळा उभारील, अशी आशा त्यांनी धरली नव्हती. पळून जाण्याची वाट डोळ्यांसमोर मोकळी असताना त्यांनी ती धरली नाही, यातच त्यांचा मोठेपणा आहे.

ईमहून खाली उतरून नदीकाठी आले, की चॅट्सवर्थचा प्रचंड प्रासाद दिसतो. १५४९ साली सर विल्यम कॅव्हेंडिश आणि त्याची पत्नी बेस यांनी ही जहागीर विकत घेतली. पुढे हे घराणे डेव्हनशरचे अर्ल आणि नंतर ड्यूक झाले. १६८७ पासून त्यांनी जुना वाडा पालटून आजचा प्रासाद बांधला. त्याच्या समोरच्या टेकडीवर एडेन्सर हे छोटे गाव आहे; तेथील लोक त्याचा उच्चार एन्झर असा करतात. हे गाव पूर्वी नदीच्या बाजूला होते. एकोणिसाव्या शतकात सहाव्या ड्यूकने जुनी घरे पाडून १८३८ ते १८४२ या काळात थोड्या अंतरावर नवे गाव वसविले. नवी घरे सुंदर आहेत, एकासारखे दुसरे नाही. रस्त्याच्या अलीकडे जुन्या गावातील एकच घर तेवढे राहिले आहे. मालकाच्या मनात आले, की गाव उठते आणि दुसरीकडे बसते, हे त्या एकट्या घराकडे पाहिले म्हणजे समजते.

एडेन्सरच्या चर्चशी आपलाही एक धागा जुळलेला आहे. ते चर्च सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट या वास्तुशिल्पज्ञाने १८६७ च्या सुमारास नव्याने बांधले. त्याच काळात या स्कॉटने मुंबई विद्यापीठाच्या पदवीदान सभागृहाचे आणि राजाबाई मनोऱ्याचे आराखडे काढले. तो स्वतः भारतात कधीच आला नाही. त्याने आराखडे लंडनहून पाठविले आणि १८७८ साली राजाबाई मनोरा पूर्ण झाला. मुंबईच्या मैदानावरून त्या मनोऱ्याकडे पाहताना त्याच हाताने रेखाटलेले एक चर्च डर्वेंटच्या काठी उभे आहे, हे आता तुम्हांला आठवेल.

आणखी दक्षिणेला क्रॉमफर्ड आहे. येथे १७७१ साली रिचर्ड आर्कराइटने पाण्याच्या शक्तीवर चालणारी सूतगिरणी उभारली. आर्कराइट मूळचा न्हावी. केसांचे टोप करून विकणारा. त्याने एका ओढ्याचे आणि शिशाच्या खाणीतून वाहून येणारे पाणी गिरणीकडे वळविले. खाणीचे पाणी कोमट असल्यामुळे कडाक्याच्या थंडीतही गोठत नसे, म्हणून चाके थांबत नसत. चाके थांबत नव्हती, म्हणून माणसांनाही थांबता येत नव्हते. बारा बारा तासांच्या पाळ्या रात्रंदिवस चालत, आणि त्यांत सात-आठ वर्षांची मुलेही असत. आर्कराइटने मजुरांसाठी बांधलेली तिमजली घरांची रांग १७७६ पासून आजही उभी आहे. तिच्या वरच्या मजल्याला लांब खिडक्या आहेत, कारण तेथे उजेडात बसून विणकर माग चालवीत. गिरणीचा भोंगा आणि कामगारांच्या चाळी यांनी पुढे सारे जग व्यापले. १८५४ साली कावसजी नानाभाई दावर यांनी मुंबईत सूतगिरणी स्थापन केली, ती याच परंपरेतील. डर्वेंटच्या काठच्या या गिरण्यांना २००१ साली जागतिक वारसास्थळाचा मान मिळाला.

आता पाऊलवाटांची राहिलेली कथा. गिरण्या वाढल्या, मँचेस्टर आणि शेफील्ड ही शहरे धुराने भरून गेली. आठवडाभर यंत्रांपुढे राबणाऱ्या मजुराला रविवारी एकच सुख हवे असे, ते म्हणजे डोंगरावरचा मोकळा वारा. परंतु डर्वेंटच्या उगमाकडील माळराने जमीनदारांनी बंद केली होती. वर्षातील थोडे दिवस ते तेथे ग्राउस पक्ष्यांची शिकार करीत, आणि उरलेले सारे वर्ष रखवालदार लोकांना हुसकावून लावीत. वाटांसाठी झगडणाऱ्या संस्था स्थापन झाल्या होत्या. त्यांतील १८९४ साली स्थापन झालेली एक संस्था या डोंगरांत वाटांचे फलक लावीत आली आहे. अर्ज झाले, सभा झाल्या, पण माळराने उघडली नाहीत.

शेवटी २४ एप्रिल १९३२ रोजी सुमारे ४०० तरुण किंडर स्काउट या डोंगरावर चालून गेले. त्याच्या पूर्व उतारावरचे पाणी डर्वेंटलाच मिळते. त्यांच्या पुढाऱ्यांपैकी बेनी रॉथमन अवघा वीस वर्षांचा होता. वाटेत रखवालदारांशी झटापट झाली. सहा जणांना पकडण्यात आले आणि त्यांपैकी पाच जणांना दोन ते सहा महिने कारावास झाला. डोंगरावर फिरावयास गेलेल्या मुलांना तुरुंग! ही बातमी वाचून साऱ्या देशात खळबळ उडाली. पुढे १९४९ साली संसदेने कायदा केला. प्रत्येक परगण्याने आपल्या पाऊलवाटांचे नकाशे करावेत असे त्याने ठरविले, आणि त्याच कायद्याने १९५१ मध्ये हा डोंगराळ प्रदेश ब्रिटनमधील पहिले राष्ट्रीय उद्यान झाला. २००० सालच्या कायद्याने मोकळ्या माळरानांवर पायी हिंडण्याचा हक्कही मिळाला.

या कथेचा शेवट ऐकण्यासारखा आहे. १९३२ साली किंडरचे ते रान ज्यांच्या मालकीचे होते, ते डेव्हनशरचे ड्यूक होते. प्लेगच्या वेळी ईमला अन्न पाठविणारे घराणे हेच. त्या घटनेला सत्तर वर्षे झाली, तेव्हा २००२ साली अकराव्या ड्यूकने किंडरच्या पायथ्याशी जमलेल्या लोकांसमोर उभे राहून आपल्या आजोबांच्या वागण्याबद्दल जाहीर क्षमा मागितली. सत्तर वर्षांनी का होईना, चूक कबूल करण्यास मन मोठे लागते.

आज लेडीबॉवरपासून शार्डलो गावापर्यंत नदीच्या सोबतीने जाणारी सुमारे ८८ किलोमीटरची पाऊलवाट आखलेली आहे. २००३ साली ती खुली झाली. बुडालेले गाव, प्रासाद आणि गिरणी यांना ती एका माळेत ओवते. प्रासाद राखावयास धन लागते, चर्च राखावयास कारागीर लागतात. पाऊलवाट राखण्यासाठी मात्र तिच्यावरून चालणारी माणसे लागतात. चालणे थांबले, की गवत वाढते आणि वाट मोडते. म्हणून तिचे रक्षण करण्याचे काम राजापासून रंकापर्यंत, आणि थोरांपासून तुमच्यासारख्या मुलांपर्यंत, कोणालाही करता येते.

स्वाध्याय

शब्दार्थ : गडगा – दगडांवर दगड रचून केलेले कुंपण. घळ – डोंगरातील अरुंद खोलगट जागा. शिरका – आंबवून केलेला आंबट द्रव, व्हिनेगर. जहागीर – मोठ्या जमिनीची मालकी. रंक – गरीब मनुष्य.

प्रश्न १. थोडक्यात उत्तरे लिहा.
(अ) लेडीबॉवर धरण बांधण्याची गरज का पडली?
(आ) ईमच्या वाटेवरील धोंड्याचा उपयोग कशासाठी होत असे?
(इ) एडेन्सरचे चर्च आणि राजाबाई मनोरा यांचा संबंध कोणता?
(ई) क्रॉमफर्डच्या गिरणीची चाके थंडीतही का थांबत नसत?

प्रश्न २. ईमच्या गावकऱ्यांनी हद्द न ओलांडण्याचा निश्चय केला, तर किंडरच्या तरुणांनी हद्द मुद्दाम ओलांडली. दोघांचेही वागणे योग्य होते, असे तुम्हांला वाटते का? दहा ओळींत लिहा.

प्रश्न ३. पुढील वाक्प्रचारांचा स्वतःच्या वाक्यांत उपयोग करा : हाहाकार माजविणे, दडी मारणे, हुसकावून लावणे, खळबळ उडणे.

उपक्रम : तुमच्या गावातील एखाद्या जुन्या पाऊलवाटेने घरातील वडील माणसांबरोबर चालून या. ती वाट कोठून कोठे जाते, पूर्वी तिचा उपयोग कोण करीत असत, हे त्यांना विचारा आणि वहीत लिहून ठेवा.